प्लेगच्या जंतूचें नांव

घरांत उंदीर मरून पडला, कीं दाराला कुलूप घालावें, चार भांडीं व अंथरुणें गाडींत टाकावीं आणि गांवाबाहेर रानांत झोंपडी बांधून राहावें, हा क्रम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रांतील कुटुंबांच्या अंगवळणीं पडला. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगास यांनीं प्लेगचे रोगी ओळखले, आणि पुढील दोनतीन वर्षांत हा रोग देशावरील बहुतेक जिल्ह्यांत पोंचला. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले यांना तो जडला व १० मार्च १८९७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. नाशिकजवळच्या भगूर गांवीं १८९९ सालीं विनायकराव सावरकरांचे वडील दामोदरपंत व चुलते हे दोघेहि याच रोगानें गेले. विनायकरावांचे बंधु गणेश व नारायण यांनाहि त्यानें गांठलें. परंतु नाशिकच्या प्लेगच्या रुग्णालयांत राहून ते दोघे सुदैवानें बरे झाले. या सांथींत हिंदुस्थानांत पुढील कांहीं दशकांत मिळून एक कोटीहून अधिक माणसें मरण पावलीं.

लोक या रोगास गांठीचा ताप म्हणत, कारण काखेंत किंवा जांघेंत मोठी गांठ येऊन ताप चढे. कित्येकांच्या मतें हा देवीचा कोप होता, कित्येकांच्या मतें दूषित हवेचा परिणाम. वस्तुतः रोगाचें मूळ दोन वर्षांपूर्वींच सांपडलें होतें. तें कोणत्या प्रकारचें आहे, त्याचे सोयरेधायरे कोण, आणि त्याला काय म्हणावें, हे प्रश्न मात्र पुढें शंभर वर्षें शास्त्रज्ञांस पुरले. नांवाचा हा खटाटोप वरवर पाहतां केवळ पंडितांचा वाटेल. पण रोग्याला कोणतें औषध द्यावें, आणि प्रयोगशाळेंत बाटली उघडतांना किती सावध राहावें, हें अखेर त्या नांवावरूनच ठरतें. म्हणून त्याची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

१८९४ सालीं हाँगकाँग बंदरांत प्लेग चालू असतां अलेक्झांडर यर्सिन हा तरुण वैद्य तेथें गेला. पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत त्याचें शिक्षण झालें होतें. रुग्णालयांत त्याला जागा मिळाली नाहीं, म्हणून बांबूची व गवताची झोंपडी उभारून तींतच त्यानें आपलें सूक्ष्मदर्शक यंत्र मांडलें. मेलेल्या रोग्याच्या गांठींतील पू कांचेवर पसरून पाहतां त्यांत एकाच तऱ्हेच्या असंख्य आंखूड काड्या त्याला दिसल्या. रंग दिला असतां त्यांचीं दोन्ही टोकें गडद होत व मधला भाग फिकट राही. तशाच काड्या मेलेल्या उंदरांतहि सांपडल्या. जपानचे कितासातो हेहि त्याच वेळीं त्याच शहरांत याच शोधांत होते. परंतु जंतूचें बिनचूक वर्णन यर्सिनचें ठरलें.

हे जंतु केवढे असतात याची कल्पना द्यावयाची तर मोजपट्टीवरील एका मिलिमीटरचे हजार भाग करावे. त्यांतील एक ते तीन भाग एवढी प्लेगच्या जंतूची लांबी भरते. प्रत्येक जंतूचें शरीर एकाच पेशीचें असतें. त्या पेशीला बाहेरून भिंत असते, आंत जीवनरस असतो, आणि वंशपरंपरेची सर्व लिपि जिच्यांत सांठविलेली असते अशी डीएनएची दोरी त्या रसांतच मोकळी असते. माणसाच्या किंवा वडाच्या पेशींत ही दोरी एका पडद्याआड, केंद्रक नांवाच्या कोठडींत असते. जंतूच्या पेशींत अशी कोठडी नाहीं. जंतूंत नर व मादी नसतात. एक जंतु वाढतो व मधोमध दुभंगून त्याचे दोन होतात. कांहीं जातींचे जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतात. खाद्य व जागा अपुरी पडली नाहीं, तर अशा एका जंतूचे दहा तासांत शंभर कोटींहून अधिक जंतु होतील. प्लेगचा जंतु याहून पुष्कळ सावकाश वाढतो, तरी रोग्याच्या शरीरांत दोनचार दिवसांत तो हाहाकार उडवितो.

आतां नांवाकडे वळावें. पत्रावर पत्ता लिहितांना माणसाचें नांव, मग गल्ली, गांव, तालुका, जिल्हा, राज्य असें लिहीत जातात. लहान वर्तुळ मोठ्या वर्तुळांत बसत जातें. सजीवांचें वर्गीकरणहि अशाच पत्त्यासारखें आहे. जवळच्या जाति मिळून प्रजाति, प्रजाति मिळून कुल, कुलें मिळून गण, गण मिळून वर्ग, वर्ग मिळून संघ. ही रीत ज्यानें रूढ केली तो स्वीडनचा लिनीयस. त्याचा ग्रंथ १७३५ सालीं प्रथम निघाला, आणि प्रत्येक जातीला दोन शब्दांचें लॅटिन नांव देण्याची त्याची पद्धति वनस्पतींसाठीं १७५३ पासून व प्राण्यांसाठीं १७५८ पासून प्रमाण मानली गेली. त्या दोन शब्दांतील पहिला शब्द आडनांवासारखा, म्हणजे प्रजातीचा. दुसरा पाळण्यांतल्या नांवासारखा, म्हणजे जातीचा. शाळेच्या हजेरीपटावर आडनांव आधीं लिहावें, तसा हा प्रकार होय.

लिनीयसच्या पत्त्यांत हत्तीला व गवताला जागा होती, पण जंतूला नीट जागा नव्हती. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक यानें १६७६ सालीं पाण्याच्या थेंबांत व पुढें १६८३ सालीं स्वतःच्या दांतांवरील किटणांत हे जीव पाहिले होते. परंतु ते वनस्पति कीं प्राणी, हें कोणासच सांगतां येईना. लिनीयसनें अशा साऱ्या जीवांची एका गोंधळाच्या सदराखालीं मोट बांधून ठेवली. मोठ्या प्राण्याचे पाय, दांत, पंख मोजतां येतात; झाडाचीं पानें व फुलें पाहतां येतात. काडीसारख्या जीवाचें काय मोजावें? १८७२ सालीं जर्मनींत फर्डिनांड कोह्न यानें आकारावरून त्यांच्या टोळ्या पाडल्या: कांहीं गोल मण्यांसारखे, कांहीं काडीसारखे सरळ, कांहीं वांकडे व मळसूत्री. ही वांटणी सोयीची होती, पण तिच्यावर विसंबणें म्हणजे उंचीवरून माणसाचें गोत्र ठरविण्यासारखें होतें. दही लावणाऱ्या जंतूंपैकींहि कांहीं काडीसारखेच असतात, आणि प्लेगचाहि काडीसारखाच.

१८८४ सालीं डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्राम बर्लिन येथें काम करीत असतां त्यांना एक साधी युक्ति सांपडली. कांचेवरील जंतूंना प्रथम जांभळा रंग द्यावयाचा, त्यावर आयोडीन घालावयाचें, आणि मग मद्यार्कानें कांच धुवावयाची. कांहीं जंतु जांभळा रंग धरून ठेवतात, कांहींचा तो धुवून जातो व पुढें लाल रंग दिला असतां ते गुलाबी दिसतात. जे जांभळे राहिले ते ग्राम-धन व जे गुलाबी झाले ते ग्राम-ऋण. हा भेद कां पडतो तें पुढें कळलें. पहिल्यांची भिंत जाड व एकसंध असते. दुसऱ्यांची भिंत पातळ असते, पण तिच्यावर आणखी एक बाह्य आवरण असतें. दह्याचे जंतु ग्राम-धन. प्लेगचा जंतु ग्राम-ऋण.

रंगाच्या या खेळाचें मोल औषधांच्या युगांत कळून आलें. १९२८ सालीं शोधलेलें पेनिसिलिन जंतूची भिंत बांधूं देत नाहीं, आणि ग्राम-धन जंतूंपैकीं अनेकांवर तें रामबाण ठरलें. प्लेगच्या जंतूवर मात्र पेनिसिलिनची मात्रा चालत नाहीं. तेथें कामास आलें तें १९४३ सालीं अमेरिकेंत सांपडलेलें स्ट्रेप्टोमायसिन; आणि नवल असें कीं, तेंहि मातींत राहणाऱ्या एका सूक्ष्मजंतूनेंच तयार केलेलें आहे. औषध न मिळाल्यास गांठीच्या प्लेगनें शंभरांतील तीस ते साठ रोगी दगावतात. वेळेवर योग्य औषध मिळाल्यास बहुतेक वांचतात. कांचेवर जंतु गुलाबी दिसला कीं जांभळा, हें त्या खाटेवरील माणसाच्या दृष्टीनें क्षुल्लक नाहीं.

जंतु ओळखण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तो वाढतो कसा तें पाहणें. मुंबईस वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. जंतु वाढविण्यासाठीं ते मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या खालच्या अंगास प्लेगचे जंतु लागून पाण्यांत झुंबरांसारखे लोंबत वाढत, आणि बाटली जरा हालली कीं ते तुटून तळाशीं बसत. ही लोंबती वाढ हीच या जंतूची एक खूण मानली गेली. ज्या संस्थेंत पुढें हें काम चाललें ती परळ येथें असून १९२५ पासून हाफकिन यांचेंच नांव धारण करीत आहे. रोग उंदरावरील पिसवेच्या चाव्यानें माणसांत येतो, हें १८९८ सालीं पॉल-लुई सिमों यांनीं कराची येथें दाखविलें. उंदीर मेला कीं पिसवा त्याचें थंड शरीर सोडून दुसरें ऊबदार शरीर शोधतात. गांव सोडून रानांत जाणाऱ्यांना हें कारण ठाऊक नव्हतें; पण उपाय त्यांनीं बरोबर केला होता.

इकडे नांवें बदलत होतीं. १८९६ सालीं या जंतूस बॅक्टेरियम पेस्टिस असें नांव मिळालें. पेस्टिस म्हणजे मरी. मग तो काडीसारखा म्हणून त्याला बॅसिलस म्हणूं लागले. पुढें पाश्चरच्या स्मरणार्थ असलेल्या पाश्चुरेला या प्रजातींत त्याची गणना झाली आणि कित्येक वर्षें वैद्यकाच्या पुस्तकांत पाश्चुरेला पेस्टिस हेंच नांव छापलें जाई. १९४४ सालीं हॉलंडचे फान लोघेम यांनीं हा जंतु पाश्चुरेलाच्या घरचा नव्हे असें दाखवून त्याच्यासाठीं यर्सिनिया ही निराळी प्रजाति सुचविली. ती सर्वमान्य होण्यास आणखी पंचवीसेक वर्षें लागलीं. ज्यानें गवताच्या झोंपडींत बसून हा जंतु पाहिला त्याचें नांव याप्रमाणें जंतूचें आडनांव झालें.

याच काळांत वर्गीकरणाचा पायाच बदलला. १८६६ सालीं हेकेल यानें वनस्पति व प्राणी यांखेरीज सूक्ष्म जीवांची तिसरी सृष्टि कल्पिली; १९६९ सालीं व्हिटेकर यांनीं पांच सृष्टि मांडल्या व जंतूंना त्यांत स्वतंत्र स्थान दिलें. मग १९७७ सालीं अमेरिकेंतील कार्ल वूज यांनीं आकार, रंग व वाढ हीं सर्व बाजूस ठेवून पेशीच्या आंतील लिपिच वाचावयास घेतली. प्रत्येक सजीवाच्या पेशींत प्रथिनें घडविणारी रायबोसोम नांवाची यंत्रणा असते. तिच्या एका भागाचीं अक्षरें निरनिराळ्या जीवांत ताडून पाहिलीं, तर कोणाचें कोणाशीं किती जवळचें नातें आहे तें कळतें. दोन पोथ्यांतील पाठभेदांवरून त्यांची मूळ प्रत शोधावी तसें हें आहे. या वाचनांतून असें निघालें कीं, ज्यांना सरसकट जंतु म्हणत आले त्यांत दोन अगदीं निराळीं घराणीं आहेत. एक खरे बॅक्टेरिया व दुसरे आर्किया. १९९० पासून सजीवांचे तीन महाविभाग मानूं लागले: बॅक्टेरिया, आर्किया, आणि केंद्रकयुक्त पेशींचे सर्व जीव. माणूस, वड, अळंबी आणि मुंगी हीं सारीं तिसऱ्या विभागांत येतात. आर्कियांचें उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें. जून २०२० मध्यें बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें तपासलें; खारट पाण्यांत वाढणाऱ्या आर्कियांचा तो रंग होता.

या नव्या पद्धतीनें प्लेगच्या जंतूचा आजचा पत्ता असा आहे: महाविभाग बॅक्टेरिया, संघ स्यूडोमोनॅडोटा, वर्ग गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया, गण एन्टेरोबॅक्टेरेलीज, कुल यर्सिनिएसी, प्रजाति यर्सिनिया, जाति पेस्टिस. यांतील कुलाचें नांव २०१६ मधील व संघाचें २०२१ मधील आहे. म्हणजे पत्ता लिहिण्याचें काम अद्याप संपलेलें नाहीं.

पण याच लिपिवाचनानें एक पेंच उभा केला. प्लेगच्या जंतूचा एक जवळचा भाऊबंद आहे. त्याचें नांव यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस. दूषित अन्नपाण्यांतून तो पोटांत जातो, ताप व पोटदुखी आणतो, आणि बहुतेक रोगी आपोआप बरे होतात. १९८० च्या सुमारास दोघांचें डीएनए ताडून पाहिलें, तेव्हां ते इतके एकसारखे निघाले कीं, शास्त्राच्या नियमाप्रमाणें दोघांची जाति एकच ठरावी. प्लेगचा जंतु हा त्या पोटदुखीच्या जंतूपासून कांहीं हजार वर्षांपूर्वींच वेगळा निघालेला आहे. दोन लहान डीएनएचीं कडीं त्यानें अधिक मिळविलीं, त्यांतील एकामुळें पिसवेच्या पोटांत जगण्याची कला त्याला साधली, आणि आंतड्यांत राहण्यासाठीं लागणारीं कित्येक जनुकें निकामी झालीं. एवढ्याशा फरकानें पोटदुखी देणाऱ्याच्या वंशांत मरी जन्मली.

मग प्लेगच्या जंतूस स्यूडोट्युबरक्युलोसिसची पोटजात म्हणावें, अशी सूचना पुढें आली. शास्त्रदृष्ट्या ती चुकीची नव्हती. परंतु जंतूंच्या नांवांचा न्याय करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें १९८५ सालीं तें नांव नामंजूर केलें व यर्सिनिया पेस्टिस हें जुनें नांव राखलें. कारण स्पष्ट होतें. प्रयोगशाळेंतील एखाद्या कामगारानें बाटलीवरील लांबलचक नांव अर्धवट वाचलें, आंत पोटदुखीचा साधा जंतु आहे असें समजून ती निष्काळजीपणें उघडली, तर त्याचा जीव जाईल. नात्याचा खरेपणा एका बाजूस व माणसाची सुरक्षितता दुसऱ्या बाजूस असा तो तराजू होता. त्या मंडळानें नातें नाकारलें नाहीं; नांवापुरती माणसाची बाजू घेतली. एरव्हीं नात्याच्या मागोमाग नांव बदलावें असा नियम आहे. येथें तो जाणूनबुजून थांबविला गेला.

ओळख पटण्यास उशीर लागला तर काय होतें, याचा अनुभव महाराष्ट्र व गुजरात यांना १९९४ सालीं आला. त्या वर्षीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीचा ताप दिसला आणि सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाचा प्लेग आल्याची वार्ता पसरली. कांहीं लाख लोक मिळेल त्या गाडीनें सुरत सोडून निघाले, आणि औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लिन पाहतां पाहतां संपलें. हा प्लेगच नव्हे, दुसराच एखादा रोग असावा, असेंहि कांहीं शास्त्रज्ञ म्हणूं लागले, कारण जंतु वाढवून त्याचें नांव निश्चित करण्यास वेळ लागला. पुढें रोग्यांपासून मिळालेल्या जंतूंच्या जनुकांवरून तो यर्सिनिया पेस्टिसच असल्याचें सिद्ध झालें. मृत्यु सुमारें पन्नास झाले. भीति मात्र साऱ्या जगांत पसरली.

तथापि, एवढ्यावरून जंतु म्हटलें कीं वैरी, असें कोणी समजूं नये. नाशिक जिल्ह्यांतील शेतकरी हरभऱ्याचें किंवा भुईमुगाचें रोप उपटतो तेव्हां मुळांवर बारीक गांठी दिसतात. त्या गांठींत राहणारे जंतु हवेंतील नायट्रोजन धरून पिकाला खत पुरवितात, आणि हे उपकारी जंतु प्लेगच्या जंतूच्याच संघांतले आहेत. गांठ मुळावर आली तर पीक जोमदार, काखेंत आली तर जीवावरचें दुखणें. संघाच्या नांवानें नातें कळतें, स्वभाव कळत नाहीं. म्हणून पत्ता शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा लागतो.

सामान्य माणसानें हीं लॅटिन नांवें पाठ करावीं असें नाहीं. परंतु तीन गोष्टी त्यानें ध्यानीं ठेवाव्या. सर्दीपडशाचें मूळ असलेले विषाणु हे या जंतूंपैकीं नव्हेत; त्यांना पेशीच नसते, म्हणून जंतूंवरील औषध सर्दीला घेणें व्यर्थ होय. वैद्यानें रक्त किंवा थुंकी तपासण्यास सांगितली, तर तो वेळ काढीत नसून शत्रूचें नांव विचारीत असतो. तें नांव कळल्यावर दिलेलें औषध सांगितलेल्या दिवसांपर्यंत पुरें करावें. आणि घरांत किंवा गोठ्यांत एकाएकीं उंदीर मरून पडूं लागले, तर त्यांस हात न लावतां नगरपालिकेस किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यास कळवावें. सव्वाशें वर्षांपूर्वीं अशा वेळीं कुटुंबें रानांत निघून जात. आज तेवढें एक वर्दी देण्याचें काम केलें, कीं पुढची ओळख प्रयोगशाळा पटविते.